मोबाईलचे सुटे भाग मंगळावर

१९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावरच्या जेझेरो विवरात १.८ किलो वजनाचे एक हेलिकॉप्टर जमिनीवरून उठले आणि ३९ सेकंद हवेत राहिले. परक्या ग्रहावर यंत्राने स्वतःच्या बळावर केलेले ते पहिले नियंत्रित उड्डाण. हेलिकॉप्टरचे नाव इंजेन्युइटी. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतले त्याचे मुख्य अभियंते बॉब बलराम हे मद्रास आयआयटीचे माजी विद्यार्थी.

या हेलिकॉप्टरचा मेंदू मात्र अवकाशासाठी घडवलेला नव्हता. तो होता क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन ८०१. २०१४च्या सुमारास सॅमसंग गॅलेक्सी एस५ आणि वनप्लस वन या फोनमध्ये जी चिप होती, तीच.

ज्या पर्सिव्हरन्स गाडीच्या पोटाशी बांधून हे हेलिकॉप्टर मंगळावर गेले, तिचा मुख्य संगणक जुन्या वळणाचा. त्याची चिप किरणोत्सर्गाला दाद देत नाही, पण तिचा वेग जेमतेम २०० मेगाहर्ट्झ. फोनची चिप त्याच्या दसपट वेगवान. आणि हा वेग चैनीसाठी नव्हता. मंगळावरची हवा पृथ्वीवरच्या हवेच्या सुमारे एक टक्का घनतेची, त्यामुळे पाती मिनिटाला साधारण २४०० फेरे घेत. पृथ्वीवरून संदेश पोहोचायला काही मिनिटे लागतात, म्हणजे येथून कोणी ते हाकू शकत नव्हते. खालच्या जमिनीची सेकंदाला ३० छायाचित्रे घ्यायची, ती ताडून आपण कुठे सरकलो ते ठरवायचे, आणि हे सगळे उडता उडता. चिप हलकी हवी, वेगवान हवी, तिने बॅटरी कमी खावी. फोन बनवणाऱ्यांच्या अटी तरी याहून वेगळ्या कुठे होत्या?

धोका उघड होता. असा नाजूक भाग किरणोत्सर्गात कधीही चुकू शकतो. म्हणून अभियंत्यांनी चूक होणार हे गृहीतच धरले. उड्डाण सांभाळायला दोन मायक्रोकंट्रोलर ठेवले, एक बिघडला तर दुसऱ्याने ताबा घ्यावा म्हणून. तेही मोटारींसाठी बनणाऱ्या जातीचे. सहाव्या उड्डाणात, २२ मे २०२१ला, एक छायाचित्र मध्येच गळाले आणि पुढच्या प्रत्येक छायाचित्रावर चुकीची वेळ पडू लागली. हेलिकॉप्टर हवेत झोके घेऊ लागले, तरी ठरल्या जागेपासून पाच मीटरांच्या आत सुखरूप उतरले. बेत होता पाच उड्डाणांचा. १८ जानेवारी २०२४ला पाती मोडेपर्यंत ७२ झाली.

यात एक गंमत आहे. आज फोनमध्ये असतो तो सीमॉस कॅमेरा १९९०च्या दशकात याच जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम यांच्या गटाने विकसित केला, यानांवरचे कॅमेरे लहान करण्यासाठी. फोन हलला-कलंडला की ओळखणाऱ्या सेन्सरची जातही आधी मोटारींच्या एअरबॅगमध्ये रुळली. फोनने यातले फारसे काही शोधून काढले नाही. ते कोट्यवधींनी बनवायला लावले. त्याचे श्रेय शोधाचे कमी आणि संख्येचे जास्त आहे. पण भाव पडले ते त्या संख्येनेच, आणि भाव पडले म्हणून तर ड्रोनवाले आणि उपग्रहवाले फोनच्या सुट्या भागांच्या दुकानात शिरले.

उपग्रहवाल्यांचा किस्सा आपल्या श्रीहरिकोट्यापर्यंत येतो. नासाच्या एम्स केंद्राने एप्रिल २०१३मध्ये तीन चिमुकले उपग्रह सोडले: अलेक्झांडर, ग्रॅहम आणि बेल. टेलिफोनच्या जनकाचेच नाव तिघांत वाटलेले! प्रत्येकाच्या पोटात एक अँड्रॉइड फोन. सुट्या भागांचा खर्च एका उपग्रहामागे साडेतीन ते सात हजार डॉलर. आठवडाभरात ते वातावरणात जळून गेले, पण तोवर त्यांनी पृथ्वीचे फोटो तुकड्यातुकड्यांनी पाठवले आणि जगभरच्या हॅम रेडिओवाल्यांनी ते टिपले. या प्रयोगातल्या काही मंडळींनी काढलेली कंपनी म्हणजे प्लॅनेट. १५ फेब्रुवारी २०१७ला इस्रोच्या पीएसएलव्हीने एका खेपेत १०४ उपग्रह सोडले, तेव्हा आपल्याकडे पेढे वाटले गेले. त्यांतले ८८ प्लॅनेटचे होते, सुमारे पाच-पाच किलोंचे.

उपग्रहांत गेले तसले सेन्सर आपल्या कपाटात पडलेल्या जुन्या फोनमध्येही आहेत. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाने बनवलेले फायफॉक्स नावाचे ॲप फुकट मिळते. त्यातल्या आवाजावर चालणाऱ्या स्टॉपवॉचने गोटी सुटल्याचा आणि जमिनीवर आपटल्याचा आवाज पकडून गुरुत्वत्वरण काढता येते. प्रयोगशाळेला टाळे असलेल्या किंवा प्रयोगशाळाच नसलेल्या शाळांतल्या विज्ञानशिक्षकांनी नववीच्या वर्गात हा प्रयोग यंदा जरूर करून पाहावा.