नफा मांडला, मजुरी कुठे गेली?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या सत्राचा विषय 'घरकामाचं मोल' असा आहे आणि मी बोलणार आहे मोटारींच्या दुरुस्तीबद्दल. पत्रक वाचून दोघीतिघींनी मला विचारलंच, की बाई, हे मध्येच काय काढलंस? त्यांना मी एवढंच म्हटलं की अर्धा तास ऐका, मग भांडू.

मी १९९८ ते २०१२ अशी चौदा वर्षं इंग्लंडमध्ये लेस्टरला राहिले. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जुनी निस्सान मायक्रा घेतली. नोकरी दोन गावं पलीकडे, पाळी रात्रीची आणि रात्री बस नाही, म्हणून घेतली. त्या देशात तीन वर्षांपुढच्या गाडीची दरवर्षी तपासणी करावी लागते. तिला एमओटी म्हणतात. त्यात नापास झालात तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने खालचा पत्रा गंजतो. म्हणजे जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला दर वर्षी एक परीक्षा असतेच, आणि बहुतेक वेळा खर्चही.

त्याच काळात तिथल्या टीव्हीवर जुन्या गाड्या नव्या करण्याचे कार्यक्रम चालू झाले. २००३ साली 'व्हीलर डीलर्स' आला. पद्धत अशी: माइक ब्रूअर नावाचा गाड्यांचा व्यापारी एक जुनी गाडी घासाघीस करून विकत घेतो. एड चायना नावाचा उंचच उंच मेकॅनिक नारिंगी हातमोजे घालून ती दुरुस्त करतो. मग माइक ती विकतो आणि दोघं मिळून हिशेब मांडतात. मला हा कार्यक्रम फार आवडायचा. आजही सांगते, टीव्हीवर हाताचं काम इतकं नीट समजावून सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुठला बोल्ट आधी सैल करायचा, तो का अडकतो, नवा भाग बसवताना कशाची खबरदारी घ्यायची, हे सगळं तो सांगायचा.

पण शेवटचा तो हिशेब बघा. समजा, गाडी दोन हजार पौंडाला घेतली. सुटे भाग आठशेचे. साडेतीन हजारांना विकली. नफा सातशे, टाळ्या, हस्तांदोलन. यात एडची मजुरी कुठे आहे? ती धरलेलीच नसते! गंमत अशी की रंगकाम बाहेर दिलं किंवा इंजिनाचा एखादा भाग बाहेरच्या कारागिराकडून करून आणला, तर ते पैसे खर्चात येतात. घरातल्या माणसाने दिवसच्या दिवस केलेलं काम मात्र शून्य रुपये, शून्य पैसे.

आता तुम्ही हसताय, कारण हा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. धुण्याभांड्याला बाई ठेवली तर तिचा पगार महिन्याच्या खर्चात लिहिला जातो. तेच काम घरातल्या बाईने केलं तर त्या वहीत त्याला ओळ नाही, आणि महिन्याअखेर जे पैसे उरतात ती 'त्यांची बचत'. एडला कार्यक्रमाचं मानधन मिळत होतं, तो काही उपाशी नव्हता. माझा मुद्दा एडच्या पगाराचा नाही. लाखो घरांत बघितला जाणारा कार्यक्रम श्रम वगळून नफा मोजतो आणि तो हिशेब बघणाऱ्यांना खटकत नाही, हा माझा मुद्दा आहे. तो खटकत नाही, कारण घरोघरी हाच हिशेब चालतो.

पुढे काय झालं तेही ऐका. मार्च २०१७ मध्ये एड चायना कार्यक्रम सोडून गेला. त्याने स्वतःच जाहीर केलेलं कारण असं, की वर्कशॉपमधले सविस्तर दुरुस्तीचे भाग चित्रित करायला अवघड जातात म्हणून वाहिनीला ते कमी करायचे होते, आणि त्याला ते मान्य नव्हतं. घेणं राहिलं, विकणं राहिलं, मधलं करणं तेवढं कमी करा. मजुरी तर आधीच वगळलेली होती, आता मजूरही नजरेआड.

दुसरे काही कार्यक्रम तर याच्याही पुढे गेलेले. अमेरिकेत एमटीव्हीवर २००४ ते २००७ 'पिम्प माय राइड' चालला. तरुण पोरांच्या खटारा गाड्यांना चकचकीत रंग, आत टीव्हीचे पडदे, मोठाले स्पीकर. २०१५ साली त्यातल्या काहींनी वार्ताहरांना सांगितलं की बसवलेल्या काही वस्तू चित्रीकरणानंतर काढून घेतल्या गेल्या आणि इंजिनाचं दुखणं तसंच राहिलं. 'ओव्हरहॉलिन' नावाच्या कार्यक्रमात घरच्यांशी संगनमत करून माणसाची गाडी त्याच्या नकळत पळवतात आणि आठवडाभरात नवी करून समोर उभी करतात. मालक रडतो. इंग्लंडमधला 'कार एसओएस' २०१३ पासूनचा, तो मात्र मनापासून केलेला आहे. आजारपणाने किंवा अडचणीने ज्यांची गाडी गॅरेजात अर्धवट सुटी पडून राहिली आहे अशांची गाडी पुरी करून देतात. ते बघताना मीही डोळे पुसलेत. पण एक गोष्ट या सगळ्यांत सारखी आहे. ज्याची गाडी, त्याला कामाच्या वेळी बाहेर ठेवलेलं असतं. त्याला गाडी मिळते, पण ती कशी झाली ते कळत नाही. पुन्हा बिघडली की तो होता तिथेच.

आता घरी काय होतं ते सांगते.

२००४ साली मी आमच्या गावच्या कॉलेजात फक्त बायकांसाठी असलेल्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. आठ आठवडे, आठवड्याला दोन तास. अकरा जणी होतो. एक निवृत्त नर्स, दोघी गुजराती मायलेकी, एक टपाल वाटणारी, बाकीच्या अशाच. शिकवणारी बाई स्वतः मेकॅनिक. तिने पहिल्या दिवशी एवढंच करून घेतलं: बॉनेट उघडा, ऑइलची पट्टी काढा, पुसा, परत घाला, काढा, वाचा. बॉनेटची कडी कुठे असते हे अकरापैकी सहा जणींना माहीत नव्हतं, आणि त्या सहाही जणी वर्षानुवर्षं गाडी चालवत होत्या.

त्यानंतर मी हेन्स यांचं पुस्तक घेतलं. हे जॉन हेन्स हवाई दलात एडनला असताना त्यांनी मित्राची गाडी दुरुस्त करायला घेतली आणि पायरीपायरीला फोटो काढत गेले. त्यातून १९६६ साली पहिलं पुस्तक आलं. गाडी खरोखर पूर्ण सुटी करायची, परत जोडायची, आणि मग लिहायचं, ही त्यांची रीत. कामाच्या अवघडपणाप्रमाणे एकपासून पाचपर्यंत पान्यांची चित्रं छापलेली असतात. एक पाना म्हणजे कोणालाही जमेल, पाच म्हणजे नाद सोडा. मी दोन पान्यांच्या पलीकडे फारशी गेले नाही.

पुढचे ब्रेक पॅड बदलायचं काम घ्या. टीव्हीवर ते दीड मिनिटात होतं. घरी असं: चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, नाहीतर चाक नुसतं फिरत राहतं. मग जॅक लावून उचलायची आणि खाली भक्कम लोखंडी स्टँड ठेवायचा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, हे आमची बाई दर आठवड्याला बजावायची. चाक काढायचं. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून तो वर फिरवायचा, जुने पॅड काढायचे. धूळ फुंकायची नाही, ती छातीत जाते. नवे पॅड जाड, म्हणून पिस्टन शिकंजाने हळूहळू आत ढकलायचा, आणि तेव्हा ब्रेक ऑइलची बाटली वरून वाहत नाही ना, यावर लक्ष ठेवायचं. सगळं बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी ब्रेक दाबत राहायचं, तो पायाला घट्ट लागेपर्यंत. हे विसरलं तर पहिल्याच वळणावर ब्रेक लागत नाही.

आणि माझा तो बोल्ट गंजून बसलेला होता. गंज सोडवणारं तेल मारलं, संध्याकाळी परत मारलं, रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी लांब दांड्याचा पाना लावून त्यावर सगळं वजन टाकलं, तेव्हा तो 'कट्ट' करून सुटला. टीव्हीवर ही रात्र नसते. दुरुस्तीतला निम्मा वेळ असा जातो: तेल मुरायची वाट, सुटा भाग यायची वाट, लांबी वाळायची वाट, पाऊस थांबायची वाट. स्वयंपाकात डाळ भिजत घालणं आणि विरजण लावणं कोणी काम म्हणून मोजतं का? तसंच हे. त्या कामाचे गॅरेजवाल्याने एकशेवीस पौंड सांगितले होते. पॅड पंचवीसला मिळाले. मला दोन दिवसांत मिळून पाच तास लागले, वाट बघणं सोडून. मी वहीत पंचवीस पौंड लिहिले आणि शेजारी पाच तास असंही लिहिलं. तेव्हापासून ती सवय राहिली.

पण आता जरा दुसऱ्या बाजूने बघू. तिथे रविवारी सकाळी गल्लीतून चाललात तर चार घरांपुढे चार पुरुष गाडीखाली आडवे झालेले दिसत. त्याला म्हणायचे 'छंद'. स्टीव्हन गेल्बर नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने १९९७ साली यावर लेख लिहिला आहे. कचेऱ्यांत गेलेल्या पुरुषांना घरात परत एक पुरुषी जागा कशी मिळाली, तर हत्यारांमुळे आणि घरच्या दुरुस्तीमुळे, असं त्याचं म्हणणं. मला ते पटतं. मला फक्त विचारायचंय, तो गाडीखाली असताना पोरं कोणाकडे होती? जेवण कोणी केलं? ग्रीसचे ते कपडे कोणी धुतले? छंदाला मोकळा वेळ लागतो, आणि तो कोणीतरी मोकळा करून द्यावा लागतो. आपल्याकडे सरकारने २०१९ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, आणि जे पुरुष हे काम करतात ते ९७ मिनिटं. मुळात दिवसभरात असं काही काम करणारे पुरुषच शंभरात सव्वीस. तेव्हा 'बायकांना यंत्रांची आवड नसते' असं कोणी म्हणालं, तर आधी तिच्या मिनिटांचा हिशेब मागा.

मला वर्गातल्याच एका मैत्रिणीने विचारलं होतं, की आता हे आणखी एक फुकटचं काम बायकांनी गळ्यात घालून घ्यायचं का? प्रश्न रास्त आहे. मी स्वतः आता ब्रेक पॅड बदलत नाही. गुडघे ऐकत नाहीत, आणि मेकॅनिकनेही पोट भरायचं असतं. पण माहिती असणं आणि काम स्वतः करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत तिघा अभ्यासकांनी एक प्रयोग केला. त्यांनी बायका आणि पुरुष दोघांकडून गॅरेजांना फोन करवले: २००३ च्या टोयोटा कॅमरीचा रेडिएटर बदलायला किती घ्याल? काही माहिती नाही असं दाखवलं, तर बायकांना पुरुषांपेक्षा जास्त दर सांगितला गेला. फोन करणाऱ्याने 'साधारण इतके पडतात असं ऐकलंय' एवढं एक वाक्य टाकलं, की बाईपुरुष हा फरक नाहीसा झाला. तिला पाना उचलावा लागला नाही. आमच्या गल्लीतल्या त्या निवृत्त नर्सबाईंनी वर्ग संपल्यावर आयुष्यात एकदाही जॅक लावला नसेल, पण गॅरेजात गेल्या की म्हणायच्या, "जुना भाग मला काढून दाखवा." एवढ्यावर बिल खाली यायचं.

टीव्हीवर बायका अगदीच नाहीत असं नाही. अमेरिकेत नव्वदच्या दशकात पिट्सबर्गची ल्युसिल ट्रेगनोवान ही गिअरबॉक्स दुरुस्त करणारी आजीबाई स्वतःचा कार्यक्रम करत असे. २०१२ पासून 'ऑल गर्ल्स गॅरेज' आला. त्यातली बोगी लेटिनर हिचं फीनिक्स शहरात स्वतःचं गॅरेज होतं आणि तिथे ती गिऱ्हाईक बायकांचे वर्गही घेई. आणि पॅट्रिस बँक्स बघा. ड्युपॉन्ट कंपनीत इंजिनिअर, पण गाडीतलं काही कळत नाही याची तिला चीड आली. बायका मेकॅनिक शोधल्या, सापडेनात, म्हणून स्वतःच रात्रीच्या शाळेत जाऊन शिकली. २०१७ साली तिने पेनसिल्व्हेनियात अपर डार्बीला गॅरेज काढलं, आणि शेजारीच नखं रंगवायचं दुकान. गाडीचं ऑइल बदलेपर्यंत बाई तिथे बसायची. आपल्यातल्या काहींना ते नखांचं दुकान रुचणार नाही. मला स्वतःला नखं रंगवायची हौस नाही, पण दुसरीकडे गॅरेजात बाई गेली की तिला बसायला कुठे जागा असते ते आठवा. टायरवर!

बरं. चहा आला आहे असं दिसतंय. चर्चा चहानंतर. खाली फाटकाशी माझी गाडी उभी आहे, इंजिन गार झालेलं असेल. ज्यांना ऑइलची पट्टी काढून बघायची आहे त्यांनी चहाच्या आधीच या, आणि हात पुसायला जुनं फडकं आणा. माझ्याकडे एकच आहे.