अडलेले यंत्र आणि जपलेली किल्ली

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाएकी निळा पडदा दाखवून थांबले. भारतातील विमानतळांवर कित्येक प्रवाशांच्या हाती हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. संगणकाच्या संरक्षणासाठी बसविलेल्या एका प्रणालीबरोबर एक सदोष फाईल आली होती, एवढेच त्याचे कारण. ती ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली. परंतु जे यंत्र सुरूच होत नाही, त्याच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचावी कशी?

अखेर बहुतेक यंत्रांपाशी माणसालाच जावे लागले. ‘सेफ मोड’ म्हणजे मोजक्या साहित्यानिशी यंत्र जागे करण्याची रीत. तसे ते उघडून सदोष फाईल काढली, की यंत्र पूर्ववत चाले. मात्र जेथे मजकूर कूटबद्ध होता, तेथे आधी ४८ अंकी किल्ली द्यावी लागे.

घरच्या लॅपटॉपची कथा निराळी नाही. नवी सुधारणा बसविताना तो अडला, की मनुष्य घाबरून सारे पुसावयास निघतो. वस्तुतः यंत्रणा बिघडली म्हणजे कागदपत्रे गेली असे नव्हे. प्रथम ती सुधारणा मागे घेऊन पाहावी; न साधल्यास पेनड्राइव्हवरून यंत्र चालू करून कागदपत्रे बाहेर काढावीत; पुसणे सर्वांत शेवटी. यंत्रणा पुन्हा बसविता येते, गेलेल्या वडिलांचे छायाचित्र पुन्हा काढता येत नाही.

कूटबद्ध लॅपटॉपला येथेही किल्ली लागतेच. ती त्याच लॅपटॉपमध्ये जपणे म्हणजे कपाटाची किल्ली आत ठेवून कपाट बंद करणे होय. तिची जागा वहीच्या पानावर.