उसाच्या ट्रकला क्राऊन-पिनियन कोणता?

पावसाळा सरत आला की आपल्याकडे गॅरेजसमोर ट्रक उभे राहू लागतात. गाळप हंगामाआधी क्लच, ब्रेक, टायर सगळं बघून घ्यायचं असतं. आणि याच दिवसांत एक प्रश्न हमखास निघतो : "गाडी ओढत नाही, क्राऊन-पिनियन बदलून टाकू का?" खर्च मोठा आहे, आणि निवड चुकली तर गाडी असेपर्यंत डिझेल जास्त जळतं. म्हणून आज एवढ्याच विषयावर बोलणार आहे.

ट्रकच्या मागच्या हौसिंगमध्ये प्रोपेलर शाफ्टला जोडलेला छोटा पिनियन असतो आणि तो मोठ्या क्राऊनला फिरवतो. क्राऊनला ४१ दाते आणि पिनियनला ७ असतील, तर चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.८६ फेरे लागतात. पिनियन ६ दात्यांचा असेल तर ६.८३. फरक एका दात्याचा दिसतो. पण त्याने प्रत्येक गिअरमध्ये ओढ सहाव्या हिश्श्याने वाढते, आणि त्याच वेगाला इंजिनही सहाव्या हिश्श्याने जास्त फिरतं.

आता हा हिशेब रस्त्यावर आणू. १०.०० - २० चा टायर एका फेऱ्यात साधारण ३.२ मीटर पुढे जातो. टॉप गिअर थेट असलेली भरलेली गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली आहे असं धरा. सातच्या पिनियनवर इंजिन मिनिटाला सुमारे १२२० फेरे घेईल, सहाच्या पिनियनवर १४२०. जुन्या डिझेल इंजिनांची खरी ताकद साधारण १३०० ते १५०० फेऱ्यांच्या आसपास असते. म्हणजे सहाच्या पिनियनची गाडी टॉपमध्ये निवांत ओढते, तर सातवाल्या ड्रायव्हरला जरा चढ आला की गिअर उतरवावा लागतो. पण हीच गाडी रिकामी परत येताना ६० ने चालवा. सातवर १८३० फेरे, सहावर २१३५. इथे डिझेल जातं आणि इंजिनही झिजतं.

आपल्या परभणी जिल्ह्यात हा हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो, त्याला कारण आपली जमीन. जायकवाडीचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा आला आणि पाथरी, मानवत, परभणी या भागात ऊस वाढला. पण ऊस उभा असतो तो काळ्या, चिकट, पाणी दिलेल्या रानात. डांबरी रस्त्यावर एक टन वजन पुढे ढकलायला दहाएक किलोची ओढ पुरते. मऊ रानात तेवढ्याच वजनाला शंभर किलो आणि त्याहूनही जास्त लागते. दोन एक्सलच्या ट्रकचं कायद्याने मंजूर एकूण वजन २०१८ पासून साडेअठरा टन आहे. म्हणजे बांधापासून डांबरापर्यंतच्या त्या थोड्याशा अंतरात गाडीला पुढच्या सगळ्या रस्त्यापेक्षा दहापट जोर लावावा लागतो. ड्रायव्हर हाफ क्लचवर रेस करत राहतो, आणि हंगाम संपायच्या आत क्लच प्लेट जळते. सहाचा पिनियन असेल तर क्लच, गिअरबॉक्स आणि शाफ्टचे क्रॉस या सगळ्यांवरचा ताण कमी होतो. एवढा त्याचा फायदा मी मनापासून मान्य करतो.

पण रान ओलं असलं तर? चिखल टायरच्या नक्षीत भरतो, टायर गुळगुळीत होतो आणि चाक जागच्या जागी फिरतं. तिथे ओढ वाढवून काही मिळत नाही, कारण जमिनीला पकडच नसते. उलट जोर जास्त असेल तर चाक आणखी लवकर घसरून खड्डा करतं. अशा ठिकाणी ट्रॅक्टरने ओढून काढणं, नाहीतर ट्रक सडकेवरच उभा करून मोळ्या तिथे आणणं, हाच उपाय आहे. टोळीच्या मुकादमाशी हे आधीच ठरवलेलं बरं.

आता निवड. माझं मत असं : ज्याचा जुना ट्रक चार-पाच महिने फक्त वीस-तीस किलोमीटरवरून गंगाखेड, पाथरी, सोनपेठच्या कारखान्यांना ऊस टाकतो आणि उरलेलं वर्ष गावातच खडी-वाळू वाहतो, त्याने सहाचा पिनियन घ्यावा. राणीसावरगावाकडच्या डोंगराळ भागातून भरून येणाऱ्यांनीही तोच घ्यावा. पण हंगाम संपल्यावर ज्याची गाडी कापूस, सोयाबीन घेऊन मुंबई-पुण्याला जाते, त्याने सातच ठेवावा. रानातले काही मीटर ट्रॅक्टर ओढून देईल, पण महामार्गावरचे हजारो किलोमीटर आपल्याच डिझेलवर काढायचे असतात. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांची इंजिनं कमी फेऱ्यांतही चांगली ओढतात, त्यांच्या हौसिंगला हात लावायची गरज मला दिसत नाही.

जुना ट्रक घेताना विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, रेशो स्वतः मोजा. सपाट जागेवर रिकामी गाडी उभी करा, बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मागची एकच बाजू जॅकवर उचला आणि एक्सलखाली भक्कम ठोकळा द्या. शाफ्टवर आणि चाकावर खडूची खूण करा. आता ते उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा, आणि शाफ्ट किती वेळा फिरला ते दुसऱ्याला मोजायला सांगा. सहाला थोडे कमी फेरे भरले तर सातचा पिनियन, सातला थोडे कमी भरले तर सहाचा. एक चाक जमिनीवर अडलेलं असल्यामुळे उचललेल्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक, हे लक्षात असू द्या. गाडीखाली मात्र कुणी शिरू नका.

बदलायचंच ठरलं, तर त्याच मॉडेलला कंपनीने दिलेला रेशो घ्या आणि क्राऊन-पिनियन जोडीनेच घ्या. दोन्हींचे दाते कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन घातला की काही दिवसांत हौसिंग रडायला लागतं. आणि मीटर सांभाळा. बहुतेक जुन्या गाड्यांत मीटर गिअरबॉक्सकडून चालतं. सातचा सहा केला की ६० किलोमीटर चाललेली गाडी ७० दाखवते, आणि मालकाला वाटतं अॅव्हरेज वाढलं. मीटरचा गिअर त्याच दिवशी बदलून घ्या, बिलावर दोन्हींच्या दात्यांचा आकडा लिहून घ्या आणि ते बिल गाडीच्या कागदांत ठेवा.