खरी कमाई



स्काऊट-गाईड पथकातील मुलामुलींना ‘खरी कमाई’ हा शब्द नवा नाही. आधी श्रम करावयाचे, त्यांचा मोबदला घ्यावयाचा आणि तो सेवाकार्याला लावावयाचा, अशी ही साधी रीत. कोणी भाजीचे दुकान मांडतो, कोणी सायकली पुसतो, कोणी भेळ करून विकतो. ब्रिटनमधील स्काऊटांनी १९४९ साली असाच उपक्रम आरंभिला होता. एका शिलिंगाच्या मोबदल्यात ते घरोघरी पडेल ते काम करीत. आपल्याकडे भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संघटना १९५० साली स्थापन झाली आणि तिच्या पथकांतून हा उपक्रम शाळाशाळांत रुजला.

तथापि निधी म्हटला की सोपी वाट समोर येते. वर्गात यादी फिरते, मुले घरून पैसे आणतात आणि अधिक रक्कम देणाऱ्या वर्गाचे कौतुक होते. यात सेवा घडली ती पालकांच्या खिशाकडून. मुलांनी केवळ हमाली केली!

अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न नुसता तत्त्वाचा नाही. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने १९५० च्या सुमारास सहकाराला नवी दिशा दिली. त्याच जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून मात्र आजही कितीतरी कुटुंबे हंगामात ऊसतोडीसाठी घर सोडतात. आईवडील फडावर आणि मूल आजीजवळ, अशा घरातील विद्यार्थ्याने त्या यादीपुढे दहा रुपये कोठून ठेवावेत? तो मान खाली घालतो, किंवा त्या दिवशी शाळेतच येत नाही. त्याच मुलाला रोपवाटिकेत माती-खताच्या पिशव्या भरावयास किंवा झाडांना आळी करावयास सांगावे. डॉक्टर-वकिलांची मुले त्याच्याकडून खुरपे धरावयास शिकतील.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हे मर्म फार पूर्वी ओळखले होते. १९१९ साली त्यांनी स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांतील मुले आपली कामे आपण करीत, शेतात राबत आणि निरनिराळ्या जातींची असूनही एका पंगतीला बसत. गरिबाच्या मुलाला तेथे शिक्षण मिळाले ते दान म्हणून नव्हे, श्रमाच्या हक्काने. या संस्थेच्या शाळा नगर जिल्ह्यातही ठिकठिकाणी उभ्या राहिल्या.

श्रमाइतकाच हिशेबही महत्त्वाचा. हिवरे बाजारने १९९० नंतर श्रमदानातून पाणी अडविले आणि पुढे पडलेल्या पावसावरून गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. पिके कोणती घ्यावयाची, हे त्यावरून ठरते. शाळेच्या सेवा पथकाचा ताळेबंद असाच चारचौघांत मांडला जावा. जमाखर्चाची वही दोन विद्यार्थ्यांकडे असावी, प्रत्येक रकमेची पावती फाडावी आणि कोणत्या कामास किती खर्च झाला, ते फलकावर लिहावे. रहदारीच्या रस्त्यावर मुलांना डबे देऊन उभे करणे मात्र कटाक्षाने टाळावे.

७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. १९४९ पासून पाळल्या जाणाऱ्या या दिवशी जमणारा निधी माजी सैनिक, युद्धात जखमी झालेले जवान आणि वीरपत्नी यांच्या कल्याणासाठी वापरला जातो. नगर शहरात तर चिलखती दलाचे केंद्रच आहे. शाळांनी यंदा ध्वज वाटण्यापूर्वी नोव्हेंबरचे दोन शनिवार खऱ्या कमाईसाठी राखून ठेवावेत आणि कामांची वाटणी विद्यार्थ्यांनाच करू द्यावी.