हितकर ताण आणि सातवी-आठवीची मुले

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दिलेले भाषण)



मुलांच्या मनावर ताण येऊ देऊ नये, असे अलीकडे वारंवार सांगण्यात येते. हा उपदेश अपुरा आहे. ज्यास कधी भारच उचलावा लागला नाही, त्याचे बळ वाढत नाही, हे तालमीत जाणाऱ्या पोरासही ठाऊक असते.

हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांवरून असे दाखविले की, थंडी, जखम, विष हे आघात भिन्न असले तरी शरीर त्यांस एकाच ठरावीक रीतीने तोंड देते. पुढे १९७०च्या दशकात त्याने हितकर ताण व अपायकारक ताण असा भेद केला. कबड्डीच्या सामन्यापूर्वी मुलीच्या छातीत होणारी धडधड आणि मार बसेल या धास्तीने होणारी धडधड वरवर सारखीच. परंतु पहिलीने मूल उभारी धरते, दुसरीने खचते.

मग प्रमाण कसे ओळखावे? यर्क्स व डॉडसन या अमेरिकन संशोधकांचा १९०८चा प्रयोग येथे उपयोगी आहे. उंदरांना शिकविताना, काम सोपे असेल तेव्हा विजेचा झटका जितका तीव्र तितके ते लवकर शिकत. काम अवघड होताच मात्र तीव्र झटक्याने शिकणे मंदावे आणि मध्यम झटकाच कामी येई. उंदरांवरून मुलांविषयी सर्व काही ठरत नाही, हे खरे. तथापि वर्गातील अनुभव याच्याशी जुळतो. पाठ झालेल्या पाढ्यांची घड्याळ लावून चढाओढ घ्यावी. मुलांना मौज वाटते. पण बीजगणित कालच शिकविले असेल आणि आज त्यावर घड्याळ लावले, तर येत असलेलेही मूल विसरते. नव्या व कठीण पाठास दडपण कमी, सरावाच्या कामास थोडे अधिक, एवढे तारतम्य पुरे.

या वयात आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. तेरा-चौदाव्या वर्षी सोबत्यांच्या नजरेचे भय फार मोठे असते. फळ्यापाशी उभे करून सर्वांसमक्ष केलेला उपहास कित्येक मुलांस छडीहून अधिक लागतो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे, याचा अनेकांस विसर पडतो. शिवाय काही मुली पाणी भरून, धाकट्या भावंडास सांभाळून शाळेत येतात. त्यांच्या डोक्यावर आधीच किती ओझे आहे, ते पाहून मगच आपण आपले घालावे.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या सकाळी मुलांचे तळहात घामेजतात, पोटात गोळा येतो. तेव्हा ‘घाबरू नकोस’ म्हणून फारसा उपयोग होत नाही. त्याऐवजी सांगावे, ‘बाळ, काळीज जोरात चालते आहे ते मेंदूला रक्त पुरविण्यासाठी. शरीर तुझ्या मदतीला आले आहे.’ अमेरिकेत चार हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेले असे प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाले. क्षमता प्रयत्नाने वाढते आणि शरीराची ही खळबळ साहाय्यक ठरू शकते, या दोन गोष्टी सुमारे अर्ध्या तासात समजावून दिल्याने विद्यार्थ्यांचे मनःस्वास्थ्य व अभ्यास दोन्ही सुधारल्याचे त्यांत आढळले. साधन स्वस्त आहे. खडूदेखील लागत नाही!

मात्र उपाशी आलेल्या किंवा घरी मार खाणाऱ्या मुलास हे सांगू नये. तेथे ताणाचे कारणच दूर केले पाहिजे.

ताण हितकर राहण्यास विसावाही हवा. या वयाच्या मुलास रात्री आठ ते दहा तास झोप लागते. जादा तास रात्री उशिरापर्यंत घेऊन पहाटे पुन्हा बोलाविणे, ही मेहनत नव्हे, नासाडी आहे. निकालाची टक्केवारी मागणाऱ्यांसही हे सांगण्यास कचरू नये.

चाचणीच्या दिवशीच वरचेवर पोट दुखणे, जेवण तुटणे, झोप न लागणे, खेळातून अंग काढून घेणे, अशी लक्षणे दोन आठवडे टिकली तर पालकांस भेटावे व प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’चा विनामूल्य सल्ला मिळतो. तो क्रमांक मुलांना दिसेल अशा ठिकाणी, भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.