अल्बानियातील ठेवींचा धडा



आज मी आपणास अल्बानियाची हकीकत सांगणार आहे. ग्रीसच्या शेजारचा आणि मुसलमान बहुसंख्य असलेला हा छोटा देश. 1944 पासून 1985 पर्यंत तेथे एन्वर होजा यांची सत्ता होती. शेती, कारखाने, दुकाने सारे सरकारचे. 1976 च्या घटनेने परदेशी कर्जालाही बंदी केली. या राजवटीने निरक्षरता बहुतांशी घालविली, हे मान्य केले पाहिजे. पण ठेव, नफा, दिवाळे या गोष्टींशी सामान्य माणसाचा संबंधच आला नाही. गणित शाळेत राहिले, घरात आले नाही.

पुढे ती व्यवस्था कोसळली. कारखाने बंद पडले, लाखो तरुण ग्रीस-इटलीत मजुरीला गेले आणि घरी पैसे धाडू लागले. आखातातला ड्राफ्ट ज्या घरांनी पाहिला आहे, त्यांना त्या पैशाची किंमत सांगावयास नको. बँका सरकारी आणि ढिल्या. ही संधी साधून काही खाजगी मंडळींनी ठेवी घेण्यास सुरुवात केली. जुन्या ठेवीदाराचे व्याज नव्याच्या ठेवीतून द्यायचे, एवढाच त्यांचा व्यापार! काहींचे थोडेफार धंदे होते, पण त्यांतून एवढे व्याज निघणे शक्यच नव्हते.

1996 च्या शरदात चढाओढ लागली. पॉपुली महिन्याला 30 टक्के देऊ लागली. जाफेरी तीन महिन्यांत तिप्पट, तर सुदे दोन महिन्यांत दुप्पट. विद्यार्थ्यांनो, पाटीवर मांडून पहा. दर दोन महिन्यांनी दुप्पट म्हणजे वर्षाअखेर एकाचे चौसष्ट! असा कोणता धंदा आहे? तरीही शेतकऱ्यांनी गुरे विकली, शहरवासीयांनी घरे विकली. सुमारे दोन तृतीयांश लोक यात गुंतले होते. ठेवींचा बोजा राष्ट्रीय उत्पन्नाच्या निम्म्याजवळ पोहोचला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने इशारा दिला होता, पण सरकारने वेळीच हात घातला नाही.

जानेवारी 1997 मध्ये सुदे बुडाली आणि पाठोपाठ इतरही. लोक रस्त्यावर उतरले, शस्त्रागारे लुटली गेली, सुमारे 2,000 माणसे मेली. एप्रिलमध्ये इटलीच्या नेतृत्वाखाली परदेशी फौज आली आणि जूनच्या निवडणुकीत सत्ताधारी पक्ष हरला.