कळसूची अट



मराठीच्या माणसाने डोंगरावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु मला आज ज्या शिखराविषयी बोलायचे आहे, त्याची उंची मोजण्यापूर्वी त्याची कथा ऐकावी लागते.

अकोले तालुक्यातील कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचे शिखर महाराष्ट्रात सर्वोच्च होय. आपल्या सत्तरीतील सोन्सोगड त्याहून सुमारे पाचशे मीटरने ठेंगणा. पायथ्याच्या बारी गावातून वाट निघते. कड्याच्या जागी लोखंडी शिड्या आहेत आणि माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ. पश्चिमेस अलंग, मदन, कुलंग हे दुर्ग एकाच धारेवर उभे आहेत. अलीकडे या शिखराला 'महाराष्ट्राचे एव्हरेस्ट' म्हणतात. मला ते रुचत नाही. जॉर्ज एव्हरेस्ट या सर्वेक्षकाचे आडनाव १८६५ साली हिमालयातील शिखराला चिकटले. ते सह्याद्रीवर आणून आपल्या लेकीचे नाव झाकावे कशाला?

लेक म्हणजे कळसू. लोककथा सांगते, की ती एका कोळी घरी कामाला राहिली, परंतु अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एके दिवशी घरच्यांनी तिला नेमके तेच करावयास लावले. तिने ते निमूटपणे केले, आणि डोंगर चढून गेली ती परत आलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर टाकला ती काळदरा. या कथेत चमत्कार नाही, राक्षसवध नाही. आहे तो मोडलेला शब्द. एका राबणाऱ्या मुलीच्या स्वाभिमानाला समाजाने डोंगराएवढे स्थान दिले आणि तिचा अपमान जिथे झाला त्या जागांची नावेही जपली! आज नवरात्रात लोक तिच्या दर्शनाला चढतात.

आयर्लंडमधील सर्वोच्च शिखर कॅरनटूहिल हे १०३९ मीटरांचे, म्हणजे कळसूबाईहून बरेच कमी. कड्यांची धार मात्र तशीच बिकट. तेथे १९७६ साली पोलादी क्रूस उभारला गेला. २०१४ मध्ये कोणीतरी तो रात्रीत कापला, आणि काही दिवसांतच गावकऱ्यांनी पुन्हा उभा केला. माथा कोणाचा, हा वाद तिकडेही आहे तर!

आपल्या पेडण्यात असे उत्तुंग शिखर नाही. परंतु आपली सातेरी वारुळाच्या रूपाने भूमीतून वर येते. तिला उंची लागत नाही. मोपाच्या पठारावरून २०२३ पासून विमाने उडतात. त्या पठारावरील सडे, झरी, पाणंदी यांना गुराख्यांनी दिलेली नावे कोणत्याही नकाशात मिळणार नाहीत. ती म्हाताऱ्यांच्या जिभेवर आहेत. या शाळेतील मुलांनी येत्या सुट्टीत एक वही करावी. प्रत्येक नावापुढे ते का पडले, हे आजी-आजोबा सांगतील तसेच, त्यांच्याच बोलीत लिहावे. मी वही तपासायला येईन. शुद्धलेखनाचे गुण कापणार नाही.